सिगारेट सोडवायची तर पहिल्या पंधरा दिवसांची तयारी करा

शहरातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या एका गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीतली बरीच मोठी माणसं सिगारेट किंवा बिडी ओढतात. फुप्फुसांची चित्रं दाखवून झाली, शिबिरं झाली. सगळ्यांना पटतं, बरेच जण सोडूनही बघतात, पण आठ-दहा दिवसांत पुन्हा हातात सिगारेट दिसते. औषधांनी खरंच फरक पडतो का, आणि आम्ही नेमकं काय करावं?

लोक सोडतात आणि आठ-दहा दिवसांत परत ओढायला लागतात, हे तुम्ही स्वतःच पाहिलं आहे. म्हणजे इच्छा आहे, माहितीही आहे. कमी पडते ती त्या आठ-दहा दिवसांची तयारी. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे जेमतेम ३ ते ५ असतात, आणि परत फिरणाऱ्यांतले बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच परत फिरतात. हे गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे. फरक पुढे पडतो. ज्याच्याकडे औषधाला पैसे आहेत, डॉक्टरकडे जायला वेळ आहे, घरात स्वतःची खोली आहे, त्याचा दुसरा-तिसरा प्रयत्न नीट आखलेला असतो. तुमच्या वस्तीतला माणूस दर वेळी रिकाम्या हातानंच उतरतो आणि हरला की दोष स्वतःच्या मनाला देतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की व्याख्यानांवरचा वेळ निम्मा करा आणि वाचलेला सगळा वेळ पहिल्या पंधरा दिवसांवर घाला.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. मेंदू या चढ-उताराला इतका सरावतो की पातळी खाली आली की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ही अस्वस्थता थांबवते, आणि ओढणाऱ्याला वाटतं की सिगारेटनं ताण उतरला. उतरलेला ताण बराचसा आधीच्या सिगारेटनंच आणलेला असतो. पण हे सांगताना जपून बोला. अनिश्चित रोजगार, कर्ज, अपुरी झोप, भाड्याची चिंता हा ताण अगदी खरा आहे, आणि "तुमचा ताण खोटा आहे" असं समोरच्याला ऐकू गेलं तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. सांगायचं ते एवढंच: खऱ्या ताणावर दिवसातून पंधरा-वीस वेळा आणखी एक ताण चढतो, आणि तो वरचा थर उतरवता येतो. सोडून काही आठवडे टिकलेल्या माणसांत चिंता आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली दिसते, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा. मात्र पहिले दोन-तीन आठवडे उलटं वाटतं, आणि हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, "मला हे मानवत नाही."

सोडल्यानंतरचं वेळापत्रक तोंडपाठ असू द्या. त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो, आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक त्यानंतरही वाढलेली राहते. खोकला सुरुवातीला वाढू शकतो, बद्धकोष्ठ होतो, काहींच्या तोंडात फोड येतात, झोप तुटते. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. "आयुष्यभर सोडायचं" हे कुणालाच पेलत नाही, ही पाच मिनिटं काढायची हे पेलतं.

भुकेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सोडवण्याच्या बहुतेक माहितीपत्रकांत ती येतच नाही. निकोटिन भूक मारतं. दिवसभर अंगमेहनत करणारा, मधलं खाणं परवडत नाही किंवा मिळत नाही असा माणूस सिगारेटवर ती वेळ निभावतो. त्यानं सिगारेट सोडली की दबलेली भूक पूर्ण जोरानं परत येते, आणि भुकेची चिडचिड व निकोटिनची तलफ यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: दिवसात किती वेळा खाता, दोन खाण्यांमध्ये किती तास जातात, आणि त्या मोकळ्या तासांत किती सिगारेटी होतात? जिथे लांब उपास आणि सिगारेट एकत्र दिसतात, तिथे काहीतरी खायची सोय आधी करा, मग तारीख ठरवा. वजनाची भीतीही मोकळेपणानं बोलून टाका. सोडल्यावर वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. ज्यांचं वजन मुळातच कमी आहे त्यांच्या बाबतीत ही चांगलीच गोष्ट, आणि तसं त्यांना सांगा.

आता तपासणी. लांबलचक प्रश्नावली नको, दोन प्रश्न पुरतात. पहिला: जाग आल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट पेटवता? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटं २, ३१ ते ६० मिनिटं १, त्यानंतर शून्य. दुसरा: दिवसाला किती? १० पर्यंत शून्य, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, ३१ किंवा जास्त असतील तर ३. बेरीज ४ किंवा त्याच्या वर गेली की अवलंबित्व मोठं आहे असं समजा. पहिला प्रश्न "सकाळी उठल्यावर" असा विचारू नका. रात्रपाळी करणाऱ्याला दुपारी जाग येते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमी उत्पन्नाच्या वस्तीत हमखास फसवतं. पाकीट घेणारा माणूस पाकिटावरून आकडा सांगतो, सुट्या सिगारेटी घेणाऱ्याला आकडा माहीतच नसतो. शिवाय अर्धी ओढून विझवलेली सिगारेट खिशात जाते आणि दोन तासांनी पुन्हा पेटते. थोटकाची काळी राख चिमटीनं झाडायची, टोक जरा दाबून सरळ करायचं आणि काडी लावायची: हे हात इतक्या सवयीनं करतात की माणूस ती "वेगळी सिगारेट" मोजत नाही. म्हणून विचारा, "दिवसात किती वेळा पेटवता?" पैसे कमी पडले की सिगारेटींची संख्या घटते, पण झुरके खोल होतात, धूर जास्त वेळ आत धरला जातो, थोटूक बोट भाजेपर्यंत ओढलं जातं. फिल्टरच्या कागदावर हवा आत यावी म्हणून बारीक भोकं असतात, तीही बोटांनी किंवा ओठांनी झाकली जातात आणि धूर दाट होतो. दिवसाला सहाच सिगारेटी ओढणाऱ्याच्या अंगात त्यामुळे अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निकोटिन जात असतं. संख्या आणि पहिल्या सिगारेटची वेळ यांत विसंगती दिसली तर वेळेवर विश्वास ठेवा. तोंडात ठेवायची तंबाखूही चालू आहे का हे विचारायला विसरू नका. एक सोडून दुसरी वाढवली तर निकोटिनची गुलामी तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते.

"आधी कमी करतो, मग बघू" असं निम्मे लोक म्हणतात. नाराज करू नका, पण हिशेब समोर ठेवा. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो वाढीव धोका येतो, त्यातला साधारण ४० ते ५० टक्के धोका दिवसाच्या एकाच सिगारेटनंही येतो. म्हणजे वीसवरून एकावर आल्यानं धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जवळपास ७०० जणांना दोन गटांत विभागलं होतं: एका गटानं ठरलेल्या दिवशी एकदम थांबवायचं, दुसऱ्यानं दोन आठवड्यांत कमी करत थांबवायचं. चार आठवड्यांनी पहिल्या गटातले ४९ टक्के टिकले होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. दोन्ही गटांना औषध आणि समुपदेशन होतं, हे लक्षात घ्या. तेव्हा सल्ला एकदम थांबवण्याचा द्या. कुणी हट्टानं कमी करत जाणार असेल तर त्यालाही शेवटची तारीख कागदावर लिहायला लावा, आणि ती दोन आठवड्यांपलीकडे नको.

तारीख निवडताना पगाराचा किंवा मजुरी हातात येण्याचा दिवस टाळा. त्या दिवशी हातात पैसे असतात, सोबती असतात आणि बऱ्याचदा दारूही असते, आणि दारूच्या सोबतीनं मोडलेले निश्चय मोजायला गेलं तर मोजून होत नाहीत. आदल्या रात्री घरातली सिगारेट, थोटकं, राखेचं भांडं, लायटर सगळं बाहेर गेलं पाहिजे. "पाहुण्यांसाठी" एक पाकीट ठेवलं असेल तर तेच तिसऱ्या दिवशी उघडतं.

औषधांनी फरक पडतो का? पडतो, आणि चांगलाच. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये प्रौढांची तंबाखू सोडवण्यासाठीची उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत निकोटिन बदली उपचार (म्हणजे सिगारेटऐवजी पॅच, गम किंवा चघळायच्या गोळीतून निकोटिन देणं) आणि व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन या पोटात घ्यायच्या गोळ्या अशा चारींची शिफारस आहे, सोबत समुपदेशन. निकोटिन बदली उपचार २००९ पासून संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. असं असूनही वस्तीत "गम खाऊन पाहिला, काही झालं नाही" हेच ऐकू येतं. त्याची कारणं जवळजवळ नेहमी तीन असतात: मात्रा कमी, वापरायची पद्धत चुकीची, आणि औषध लवकर बंद.

पॅचपासून, म्हणजे त्वचेतून निकोटिन देणाऱ्या चिकटपट्टीपासून, सुरुवात करू. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्यासाठी नेहमीचा क्रम म्हणजे २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. १० किंवा कमी ओढणाऱ्यासाठी १४ चा सहा आठवडे आणि ७ चा दोन आठवडे. रोज एक, कोरड्या, केस नसलेल्या, जखम नसलेल्या त्वचेवर: दंड, छातीचा वरचा भाग, पाठ. तळहातानं दहा सेकंद घट्ट दाबायचा. जागा रोज बदलायची आणि तीच जागा आठवडाभर पुन्हा वापरायची नाही, नाहीतर खाज आणि लाल चट्टे येतात. घामात काम करणाऱ्यांचा पॅच दुपारपर्यंत सुटतो आणि त्यांना वाटतं औषध निकामी आहे, म्हणून आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर लावा आणि वर वैद्यकीय चिकटपट्टी लावा. भट्टीजवळ, उष्ण यंत्राजवळ काम असेल तर पॅच उष्णतेच्या थेट माऱ्यात येऊ देऊ नका, कारण गरम त्वचेतून निकोटिन जास्त वेगानं आत जातं आणि मळमळ, धडधड होऊ शकते. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढा. मग सकाळी पातळी शून्याजवळ असते, तेव्हा उठल्या उठल्या गम तोंडात हवा.

पॅच काढल्यावर काय करायचं हे एका खोलीच्या घरात फार महत्त्वाचं आहे. वापरलेल्या पॅचमध्ये निकोटिन उरलेलं असतं, आणि लहान मुलानं तो अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर विषबाधा होऊ शकते. चिकट बाजू आतून एकमेकींवर चिकटवून घडी घाला, मूळ पाकिटात घालून मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी टाका. गमच्या बाबतीतही तेच, तो तर मुलांना खाऊसारखाच दिसतो.

पॅच हळू चालतो. रक्तातली पातळी चढायला काही तास लागतात आणि अचानक आलेली तलफ तो मारू शकत नाही. म्हणून पॅचबरोबर गम किंवा चघळायची गोळी देतात. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त लोक टिकतात, हे भक्कमपणे सिद्ध झालेलं आहे. "दोन-दोन निकोटिन म्हणजे विष होईल" या भीतीनं एकच देऊन माणसाला अर्ध्या ताकदीवर सोडू नका. ज्याला तीस मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागते त्याला ४ मिलिग्रॅमचा गम, बाकीच्यांना २ मिलिग्रॅमचा.

गम कसा खायचा हे तोंडी सांगून भागत नाही, समोर बसवून एकदा करून घ्या. सावकाश चावायचा, दहा-पंधरा वेळा, जिभेला मिरमिरल्यासारखं किंवा तिखट लागेपर्यंत. लागलं की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलून ठेवायचा. असं अर्धा तास. साध्या च्युइंग गमसारखा सलग चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, यकृतात बरंचसं मोडतं, तलफ शमत नाही आणि वर उचकी, जळजळ, मळमळ मिळते. मग तो माणूस गम फेकून देतो. दुसरी चूक पेयांची. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला तोंड आम्लधर्मी असून चालत नाही. कॉफी, फळांचा रस, सोड्याची गोड पेयं घेतल्यावर पंधरा मिनिटं गम नको, आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही पिऊ नये. नुसता गमच वापरणार असेल तर पहिल्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ तरी झाले पाहिजेत, आणि २४ च्या वर जायचं नाही. पुढे सात ते नऊ आठवड्यांत दर दोन ते चार तासांनी, दहा ते बारा आठवड्यांत चार ते आठ तासांनी. पैसे वाचवायला दिवसाला दोन गम खाणारा माणूस औषध घेतच नाहीये. दात पडलेले, हलणारे किंवा कवळी असेल तर चघळायची गोळी द्या. ती चावायची नाही, या गालातून त्या गालात फिरवत वीस-तीस मिनिटांत विरघळू द्यायची.

सगळ्यांत जास्त औषध वाया जातं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद केल्यामुळे. बरं वाटतंय, उरलेला डबा ठेवून देऊ किंवा शेजाऱ्याला देऊ, असा विचार असतो. तुमच्याकडे पुरवठा मर्यादित असेल तर वीस जणांना एकेक आठवड्याचं देण्यापेक्षा थोड्या जणांना आठ ते बारा आठवड्यांचं पूर्ण द्या. हे ऐकायला कठोर वाटतं, पण आठवड्याभराच्या औषधानं माणूस पुन्हा एकदा हरतो आणि "औषधही चालत नाही" अशी समजूत घेऊन जातो.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. व्हॅरेनिक्लिन पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगारेट साधारण आठव्या दिवशी बंद. मळमळ हा नेहमीचा त्रास, आणि जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर तो बराच कमी होतो. रिकाम्या पोटी कामाला निघणाऱ्यांना हे मुद्दाम बजावा. मूत्रपिंड खूप कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. व्हॅरेनिक्लिनमुळे मानसिक त्रास वाढतो अशी एक काळ मोठी भीती होती. ८,००० हून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. सायटिसिन ही लॅबर्नम या झाडातून मिळणारी, पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात असलेली गोळी. १.५ मिलिग्रॅमची गोळी पहिले तीन दिवस रोज सहा, चौथ्या ते बाराव्या दिवसापर्यंत पाच, मग चार दिवस चार, पुढचे चार दिवस तीन, शेवटचे पाच दिवस एक-दोन. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद झाली पाहिजे. २५ दिवसांत संपते हा तिचा फायदा, दर दोन तासांनी आठवण ठेवावी लागते ही अडचण, पण फोनचा गजर लावला की जमतं. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना, खाण्याचे विकार असलेल्यांना आणि खूप दारू पिऊन ती अचानक बंद करणाऱ्यांना देत नाहीत. ही शेवटची गोष्ट वस्तीत विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारा. गरोदर स्त्रियांसाठी आधी समुपदेशन, औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनाही औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.

एक धोका बऱ्याच आरोग्य कार्यकर्त्यांना माहीत नसतो. सिगारेटच्या धुरातले काही घटक (निकोटिन नव्हे) यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतात, आणि त्यामुळे काही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. धूर थांबला की ते विकर काही दिवसांत खाली येतं आणि तीच मात्रा जास्त होऊन बसते. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारांची औषधं आणि दम्यासाठी दिलं जाणारं थिओफिलिन ही यातली महत्त्वाची. अशी औषधं चालू असतील तर सोडण्याच्या तारखेआधी त्या डॉक्टरांना कळवा. कॅफिनचंही तसंच होतं. सोडल्यावर पूर्वीइतकीच कॉफी पिणाऱ्याला हात थरथरणं, झोप न लागणं जाणवतं आणि तो ते सगळं सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडतो. कॅफिनची पेयं निम्मी करायला सांगा.

क्षयरोगाचे रुग्ण तुमच्या वस्तीत असतील तर तिथून सुरुवात करा. धूम्रपानानं क्षयरोग होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, उपचारानंतर तो उलटण्याची आणि त्यातून मृत्यू होण्याची शक्यताही वाढते. शिवाय हे रुग्ण सहा महिने नियमित औषधाला येतातच. प्रत्येक भेटीत तीन मिनिटं सिगारेटबद्दल बोललं तर वेगळी यंत्रणा उभी करावी लागत नाही.

आता माणसाभोवतीचं वातावरण. कामाच्या ठिकाणी बऱ्याचदा सिगारेट ही एकमेव मान्य सुट्टी असते. ओढणारा पाच मिनिटं बाहेर जाऊ शकतो, न ओढणारा नुसता उभा राहिला तर त्याला काम सांगितलं जातं. सिगारेट सोडली की ही सुट्टीही जाते, आणि तिची उणीव तलफेइतकीच छळते. मुकादमाशी किंवा पर्यवेक्षकाशी बोलून तीच पाच मिनिटं वेगळ्या जागी मिळवून द्या. हे जमलं तर अर्धी लढाई जिंकलात. दुकानात उधारीचं खातं असेल तर ते सोडण्याच्या दिवसाआधी मिटवायला लावा आणि "मला आता देऊ नका" हे दुकानदाराला स्वतः सांगायला लावा. चौथ्या दिवशी खिशात पैसे नसताना सुटी सिगारेट उधार मिळणं हा नेहमीचा सापळा आहे.

घरात दुसरं कुणी ओढत असेल तर दोघांची तारीख एकच ठेवून पाहा. दुसऱ्याची तयारी नसेल तर त्याच्याकडून एवढंच मागा: घरात ओढायची नाही, आणि पाकीट समोर ठेवायचं नाही. छोट्या खोलीत खिडकी उघडून किंवा पंखा लावून धूर जात नाही. लहान मुलं, दमेकरी आणि म्हातारी माणसं त्याच हवेत झोपतात. "घरात धूर नाही" हा नियम न सोडणाऱ्यांच्या घरांतही लावता येतो, आणि तिथून पुष्कळ जण पुढे सोडण्याकडे वळतात.

पाठपुरावा ठरलेल्या दिवशीच झाला पाहिजे: आदल्या दिवशी, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी, मग तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. तिसरा दिवस चुकवू नका, बाकी एखादा चुकला तरी चालेल. फोन नंबर बदलतात, रिचार्ज संपतो, म्हणून पहिल्याच भेटीत प्रत्यक्ष भेटायची जागा आणि वेळ ठरवा. कामाची पाळी विचारून ठरवा, तुमच्या दवाखान्याच्या वेळेनुसार नव्हे. भेटीत "बंद आहे ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं. "कालपासून आतापर्यंत एखादा झुरका तरी झाला का? पुष्कळांचा होतो" असं विचारलं की खरं ऐकू येतं. मग: सगळ्यात कठीण वेळ कोणती गेली, तेव्हा काय केलं, पॅच दाखवा, गम किती उरले ते मोजू. उरलेले गम मोजणं हे माणसाच्या शब्दांपेक्षा जास्त सांगतं.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. आकडा खाली येताना पाहून माणसाला खूप बळ येतं, कारण शरीरातलं त्याचं प्रमाण चार-पाच तासांत निम्मं होतं आणि दोन दिवसांत फरक दिसतो. १० पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) कमी म्हणजे न ओढणारा, असं पूर्वीपासून धरतात, हल्ली ६ ची मर्यादाही वापरतात. पण कोळसा, लाकूड यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरात आणि वाहनांच्या धुरात दिवसभर उभं राहणाऱ्यांत आकडा न ओढताही चढलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. लघवीतल्या कोटिनिनची (निकोटिन शरीरात मोडून बनणाऱ्या पदार्थाची) चाचणी पॅच किंवा गम चालू असताना निरुपयोगी आहे, कारण ती औषधातलं निकोटिनही दाखवते.

घसरण झाली तर त्या तासाला काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. एक सिगारेट ओढली म्हणून पॅच काढायचा नाही. औषध चालू ठेवायचं, उरलेलं पाकीट पाण्यात बुडवून टाकायचं, आणि त्याच दिवशी तुम्हाला निरोप द्यायचा. पहिल्या दोन आठवड्यांतला एक झुरकाही पुढे पूर्ण घसरण होण्याची मोठी खूण असतो, म्हणून "एखादी चालते" असा सूर लावू नका. रागही नको. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, पोट भरलेलं होतं का, औषध घेतलं होतं का, हे पाच प्रश्न विचारा आणि पुढच्या चोवीस तासांचा बेत त्यावरून बदला. मात्रा कमी पडत असेल तर वाढवा.

पैशांचं आमिष चालतं का, असंही तुम्हाला कुणी विचारेल. चालतं. टिकून राहिल्याची तपासणी करून दिलेली बक्षिसं सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढवतात, यावर आता चांगला पुरावा आहे. निधी नसेल तर सिगारेटचे रोजचे पैसे रोज डब्यात टाकायला सांगा आणि सातव्या दिवशी घरच्यांसमोर मोजा. मात्र "एवढे पैसे उडवलेत" असा हिशेब मांडून लाज आणू नका, त्यानं माणूस पाठपुराव्याला यायचा बंद होतो.

वय झालं आता काय उपयोग, असं म्हणणारे भेटतील. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच झालेल्या ५० वर्षांच्या पाहणीत (१९५१ ते २००१) ६०, ५०, ४० आणि ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना साधारण ३, ६, ९ आणि १० वर्षांचं आयुष्य परत मिळालेलं दिसलं. साठीच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे सोडण्याची तारीख, पहिल्या सिगारेटची वेळ, औषध व मात्रा, आणि सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी व सहाव्या महिन्याला काय स्थिती, एवढेच रकाने ठेवा. टक्केवारी काढताना सुरुवात केलेले सगळे मोजा, न सापडलेल्यांना "ओढतात" असं धरा. ज्यांचा प्रयत्न मोडला त्यांची नावं खोडू नका, त्यांच्यापुढे एक महिन्यानंतरची भेटीची तारीख लिहा आणि त्या दिवशी जा.